तीन फुटांची वाट

"विमान दिसलं की सगळ्यांनी यात उतरायचं आणि डोकी खाली घालून बसायचं," ओव्हरसियर कृष्णकांत नकाशाची गुंडाळी काखेत धरून सांगत होते, आणि भोवती जमलेली शे-दीडशे माणसं उतरायचं ते कशात, हे शोधत होती. मैदानावर अजून काहीच नव्हतं. चार खुंट्या होत्या, त्यांना ताणलेली सुतळी होती आणि सुतळीखाली चुन्याची फक्की ओढत देवराव कमरेत वाकला होता.

१९६५ सालचा सप्टेंबर होता. लढाई सरहद्दीवर चालली होती आणि नागपूर सरहद्दीपासून इतकं दूर, की शत्रूचं विमान इथवर पोचेतो त्यातलं तेल आणि चालवणाऱ्याची हौस, दोन्ही संपून गेली असती. शहराच्या डोक्यावरून आजवर गेली ती टपालाची विमानं; त्यांनी फार तर कोणाच्या मरणाची बातमी आणली असेल, मरण कधी टाकलं नव्हतं. पण वरून हुकूम आला होता की प्रत्येक मोकळ्या जागेत खंदक हवा. आला हुकूम म्हणजे आला.

मैदानाच्या उगवतीला मागओळ होती, कोष्ट्यांची. साठ घरं आणि सत्तर हातमाग. मावळतीला वाडी होती. तिथले लोक छप्पन साली बौद्ध झालेले, गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत राबणारे. उत्तरेला नाला, दक्षिणेला कापसाच्या जुन्या गोदामाची उंच भिंत. मैदान मागओळीच्या बाजूला ऐसपैस होतं आणि वाडीकडे येता येता निमुळतं होत जायचं. वाडीच्या माणसांना गिरणीचा भोंगा झाला की मैदान ओलांडून उगवतीला जावं लागे, आणि मागओळीला देऊळ, नळ, दवाखाना यांसाठी मावळतीला. रोज सकाळी तीन-चारशे माणसं एकमेकांना पार करून जायची, आणि कोणाचा पदर कोणाला लागत नसे. जागाच तेवढी होती.

देवराव वाडीतला, नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात रोजंदारीवर होता. वय पस्तीस, नोकरी सात वर्षांची, पण कच्ची. मात्र खोदकामात त्याचा हात धरणारा माणूस गँगमध्ये नव्हता. त्याने कापलेल्या चराच्या कडेवरून मुंगी घसरते असं म्हणत. एकदा त्याने पाण्याच्या पायपासाठी असा चर खणला, की तपासायला आलेल्या इंजिनियरने आपली दोरी लावून पाहिली आणि दोरीच वाकडी आहे असा शेरा मारून ती बदलून मागितली. ती बदली दोरी अजून यायची आहे.

साहेब चहाला गेले, जमलेली माणसं पांगली आणि मागओळीतून गिरिधर धावत आला. हातात खळीचा कुंचा तसाच, कोपरापर्यंत पांढरा.

गिरिधर आणि देवराव लहानपणी याच मैदानावर पतंगांमागे धावलेले. आता गिरिधर मागावर बसायचा. मागावर चढवण्याआधी ताण्याचं सूत लांबच लांब ताणून त्याला खळ पाजावी लागते. दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवायचे, ऊन कोवळं असतानाच सुकवायचं. चाळीस हात लांब ताणा, घरात कुठला मावणार? म्हणून रोज पहाटे तो मैदानावर लागायचा. देवराव कामावर जाता जाता दुसऱ्या बाजूचा कुंचा हाती घ्यायचा. त्याचा आजा जाडंभरडं विणायचा. गिरण्या आल्या आणि माग गेला, पण बोटांना सूत कळायचं. गिरिधरचे वडील बळीराम यांना वाडीतल्या माणसाने ताण्याला हात लावणं पसंत नव्हतं, आणि पोराला बोलणंही जमत नव्हतं. मग देवराव असेतो ते पाठ फिरवून दात घासत बसायचे. इतके दात घासणारा माणूस अख्ख्या मागओळीत दुसरा नव्हता.

"देवा, हे काय करून राहिला गा?" गिरिधरने सुतळीकडे बोट दाखवलं. "ही तर माह्या ताण्याच्या मधातून चालली. खंदक झाल्यावर मी ताणा कुठं लावू, आभायात?"

देवरावाने पाहिलं. खरंच होतं. मैदानाच्या रुंद भागातून, बरोबर पाजणीच्या पट्ट्यातून रेघ जात होती.

"साहेबानं मारल्या खुंट्या. मी कोण?"

"वाडीकडं घे न थोडा. वीस-पंचवीस पावलं. विमानाले का समजते?"

विमानाला समजणार नव्हतं. साहेबांनाही नाही, ते आज दिवसभरात आणखी पाच खंदक आखणार होते. देवरावाने इकडेतिकडे पाहिलं, खुंट्या उपटल्या, पंचवीस पावलं मावळतीला नेऊन ठोकल्या, पायाने जुना चुना पुसला आणि नवा ओढला. एवढं काम बिडी विझायच्या आत झालं. गिरिधर त्याच्याकडे पाहून हसला आणि ताणा सुकायच्या आत पळत परत गेला.

आता यात एक गोष्ट राहून गेली. खंदकाची लांबी कागदावर शंभर फूट होती, आणि कागदावरचे शंभर फूट म्हणजे शंभर फूट. साहेबांच्या जागी नाल्याच्या काठापासून शंभर फूट खणलं तर गोदामाच्या भिंतीपर्यंत वीस फुटांची वाट उरत होती. वाडीकडच्या निमुळत्या भागात तेच शंभर फूट खणल्यावर उरली तीन फूट. देवरावाच्या हे लक्षात आलं ते शेवटचं घमेलं उचलताना. साहेबांनी टेप लावला, शंभर फूट भरले, सही झाली. चार दिवसांची गोष्ट, असं देवरावाने मनात म्हटलं. लढाई किती दिवस चालणार आहे?

लढाई त्याच महिन्यात थांबली. खंदकाला शत्रू भेटलाच नाही. खणायचा हुकूम आला होता तसा बुजवायचाही येईल म्हणून वाट पाहिली, तो काही आला नाही.

पहिल्याच पावसाळ्यात काळ्या मातीच्या कडा ढासळल्या आणि तीन फुटी खंदक सात फूट रुंद झाला. भैय्याजी गवळ्याची म्हैस त्यात उतरली आणि दोन दिवस वर यायला तयार होईना. तिसऱ्या दिवशी वर आली तेव्हा म्हणे दूध थंड देत होती. हे भैय्याजी स्वतः सांगायचा आणि त्या दुधाचे पैसे जास्त घ्यायचा. कोणी खंदकावर फळी टाकली तर ती संध्याकाळच्या आत कोणाच्या तरी चुलीत जायची, आणि मग वाडी म्हणायची मागओळीने जाळली, मागओळ म्हणायची वाडीने. शेवटी उरली ती गोदामाच्या भिंतीलगतची तीन फुटांची वाट. तीन-चारशे माणसांना तेवढीच.

आणि मग जे मैदानाने इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं ते उघडं पडलं. वाट कोणी कोणाला द्यायची?

देवरावाची बायको अंजनाबाई संत्र्यांच्या बाजारात पेट्या भरायला जायची. एका सकाळी ती डोक्यावर रिकामं डालं घेऊन त्या वाटेत शिरली, आणि समोरून बळीराम आले, अंघोळ करून, हातात देवाच्या पाण्याचा तांब्या. बरोबर मध्यावर दोघं थांबले. पूर्वी असं झालं असतं तर बळीराम दहा हात दुरून वळून गेले असते, आणि त्याहून पूर्वी अंजनाबाईची सासू चिखलात उतरून खाली मान घालून उभी राहिली असती. पण अंजनाबाई छप्पनच्या दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून, कडेवर वर्षाच्या ताराला घेऊन, लाखो माणसांत उभी राहिलेली होती. त्या दिवसापासून तिने कोणासाठी वाट सोडली नव्हती. तशी वेळही आली नव्हती.

"बाजूले हो वं," बळीराम म्हणाले.

"कुठं होऊ जी? खंदकात?" अंजनाबाई म्हणाली. "तुमीच सरका. तुमच्या हातात तांब्याच आहे. माह्या डोक्यावर डालं आहे."

बळीराम सरकले नाहीत. तीही सरकली नाही. सांगणारे सांगतात की गोदामाच्या भिंतीची सावली बळीरामांच्या पायांवरून निघाली आणि अंजनाबाईच्या पायांपर्यंत पोचली तरी दोघं उभेच. दोन्ही टोकांना माणसं साचली. एकाही माणसाच्या तोंडून मागे फिरा असं निघेना. अखेर म्हाताऱ्याला उभं राहवेना. ते एक पाऊल मागे आले, ते नेमकं कडेवर पडलं, आणि बळीराम तांब्यासकट खंदकातल्या गुडघाभर पाण्यात जाऊन बसले.

अंजनाबाई हसली नाही. तिने डालं खाली ठेवून हात पुढे केला होता. पण तिच्या मागे उभी असलेली वाडी हसली, आणि चांगली पोट भरून हसली. म्हाताऱ्याने तो हात धरला नाही. स्वतःच कडेची माती उकरत वर आले आणि ओल्या धोतराने घरी गेले.

त्या हसण्याला दुसऱ्या दिवशी दगडाने उत्तर आलं. दगडाला दगड मिळाला. मग वाटेच्या दोन्ही तोंडांशी पोट्टे बसायला लागले. कोण आलं, कोण गेलं, कोणी कोणाला धक्का दिला याची राखण करायला. दगड मात्र दोन्हीकडून दूर मागे राहून मारले जायचे. तेवढ्या पल्ल्यावर कोणाला कोणाचा चेहरा नीट दिसत नव्हता, आणि चेहरा दिसत नसला की दगड मारणं सोपं जातं. पल्ल्याच्या मानाने दगड थोडे कमी पडायचे. निम्मे खंदकातच जाऊन पडत. पुढे पुढे पोलिसांची गाडी आठवड्यातून एकदा येऊन गोदामापाशी उभी राहू लागली. लढाई संपून वर्ष झालं होतं, आणि इथे ती आता कुठे सुरू झाली होती.

देवरावाचं पाजणीला जाणं बंद झालं. तो आणि गिरिधर नाल्याच्या काठी, बाभळीआड भेटायचे.

देवराव दर महिन्याला कचेरीत जाऊन कृष्णकांतांपुढे उभा राहायचा आणि खंदक बुजवायची गोष्ट काढायचा. साहेब भला माणूस होता, फक्त कागदाबाहेर त्याला दिसत नसे. त्याने खंदकाची फाईल तीन टेबलं फिरवली. संरक्षणाचं खातं म्हणालं आमचं काम लढाईबरोबर संपलं, नगरपालिका म्हणाली खंदक आमच्या मालकीचा नाही. शेवटी एका दुपारी कृष्णकांतांनी नकाशा टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि हळूच बोलले.

"हे बघ देवराव, नकाशाप्रमाणे असलेला खंदक सरकारचा. तो बुजवायला वरची परवानगी लागेल, ती मिळणार नाही. नकाशाबाहेरचा खंदक म्हणजे नुसता खड्डा. खड्डा बुजवायला माझी सही पुरते. आता नकाशात इथे वीस फूट वाट आहे. लोकांच्या अर्जात तीन फूट लिहिलंय. कोणी येऊन सांगितलं की खुंट्या हलल्या होत्या, तर मी उद्या गाडीभर मुरूम पाठवतो. पण मग ज्याने हलवल्या त्याला घरी पाठवावं लागेल."

साहेबांनी चष्मा डोळ्यावर चढवला, पण देवरावाकडे पाहिलं नाही. नकाशाकडेच पाहत राहिले. देवरावाने टोपी डोक्यावर ठेवली आणि तो निघून आला.

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याने किती वेळा तयार केलं असेल याची मोजदाद नाही. फावडं मारताना, भाकरीचा तुकडा मोडताना, शाळेत निघालेल्या ताराच्या पाठमोऱ्या वेण्यांकडे पाहताना. पण दर वेळी काहीतरी आड यायचं. एकदा अंजनाबाईचा बाजार बसला, एकदा ताराची फी आली. मग कचेरीत कुजबुज सुरू झाली की रोजंदारीवरच्या जुन्या माणसांना पक्कं करणार, एक एप्रिलला यादी लागणार. एकोणसत्तर सालचा फेब्रुवारी चालू होता.

बाभळीआड त्याने हे गिरिधरला सांगितलं. साहेबांचं बोलणंही सांगितलं.

"मंग मी सांगतो," गिरिधर म्हणाला. "मीच म्हनलं होतं तुले. माह्या चाळीस हातापायी झालं हे सारं."

"तू सांगशीन तरी ते विचारतीन का खुंटी उपटली कोन. अकरा वर्षं झाले गा मले. दोन महिने थांब. यादी लागू दे, मंग मीच जातो."

गिरिधरने बोटांवरची वाळलेली खळ खरवडली. त्याचा बाप त्या दिवसापासून घराबाहेर निघत नव्हता, मागापाशी बसून सुताचे तुकडे गाठत राहायचा. त्याची आठवण झाली असेल.

"थांबतो," तो म्हणाला. "दोन महिन्यानं का होते?"

दोन महिने काढायचे होते, त्यातले तीन आठवडे निघाले. चौथ्या आठवड्यात तारा शाळेतून येत होती. तेरा वर्षांची पोर, दप्तर छातीशी धरून वाटेतून चाललेली. दगड कोणी कोणाला मारला होता देव जाणे, लागला तिच्या भुवईच्या वर. दवाखान्यात चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली लागता तर डोळा गेला असता. देवराव पोरीला खांद्यावर घेऊन घरी आला. रात्रभर अंजनाबाई तिच्या उशाशी बसली होती, आणि देवराव दारात. तेव्हाही ते वाक्य त्याच्या जिभेवर आलं, आणि एक एप्रिलला अजून किती दिवस उरले ते बोटांवर मोजून परत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी एकत्र आली. भोंग्याच्या आधीच शंभरएक माणसं वाटेच्या अलीकडच्या तोंडाशी जमली, कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात विटेचा तुकडा. पलीकडे मागओळ जमत होती. देवराव गर्दीत चौथ्या-पाचव्या रांगेत उभा होता. लोकांनी त्याला पुढे जायला सांगितलं होतं, पोर त्याची होती म्हणून. तो गेला नव्हता.

मैदानावर गिरिधरचा ताणा लागलेला होता. खळ लावायला घेतली की ती अर्ध्यात सोडता येत नाही. धागे एकमेकांना चिकटले की महिनाभराचं सूत वाया जातं. घरात कोणी मेलं तरी विणकर आधी ताणा सोडवतो. देवरावाला हे ठाऊक होतं. म्हणून गिरिधरने कुंचा जमिनीवर ठेवला आणि तो ताण्याकडे पाठ करून वाटेकडे चालू लागला तेव्हा सगळ्या मैदानात एकट्या देवरावाला समजलं, की हा आता काय करणार आहे.

गिरिधर वाटेच्या मध्यावर येऊन उभा राहिला. हात कोपरापर्यंत पांढरे.

"पोरीले पाहिलं म्या काल," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण दोन्हीकडे ऐकू गेला. "हा खंदक इथं नव्हता. सरकारनं तिकडं आखला होता, माह्या ताण्याच्या जागेवर. माहा ताणा वाचावा म्हनून इकडं सरकवला. वाट म्हनून गेली तुमची. दोष माहा आहे. मले काय म्हनाचं ते म्हना, पन लेकराईले दगड मारू नका."

तीन वर्षं ज्याला त्याला कारण हवं होतं आणि आता ते समोर उभं होतं, तर काय करावं ते कोणाला उमगेना. मग वाडीतून कोणीतरी ओरडलं, म्हणजे आमचा गळा तुम्हीच जाणूनबुजून आवळला. दुसऱ्याने विचारलं, "खुंटी कोणी उपटली? तुह्या हातात होती का ती?"

गिरिधरची नजर गर्दीवरून फिरली. ती देवरावावर आली. थांबली नाही. एखाद्या अनोळखी माणसावरून जावी तशी पुढे गेली.

"मीच," तो म्हणाला.

पुढे आयुष्यभर देवरावाने तो वेळ मोजला. गिरिधरचं 'मीच' आणि गर्दी हलली तो क्षण, या दोहोंमध्ये एक श्वास होता. लहान नव्हता. त्यात एक माणूस एक शब्द बोलू शकतो. देवरावाचं तोंडही उघडलं होतं.

मग मागचे पुढे सरले. पलीकडून मागओळीची माणसं आपल्या माणसाला ओढून घ्यायला आत घुसली. तीन फुटांत चाळीस माणसं झाली. कोणी ढकललं असं म्हणता येत नाही. पोलिसांनी पुढे आठवडाभर विचारलं आणि दोन्हीकडच्या लोकांनी पहिल्यांदाच एक उत्तर दिलं, की कोणी ढकललं नाही. ते खरंही होतं. जागा होती तेवढ्यात माणसं मावली आणि एक जास्त झाला तो खाली गेला. फेब्रुवारीचा महिना, खंदकात पाण्याचा थेंब नव्हता. पाणी असतं तर बळीरामांसारखा भिजून वर आला असता. तळाशी तीन वर्षांचे दगड साचले होते.

देवरावाने खाली उडी मारली. गिरिधरचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तो शुद्धीत होता.

"ताणा सुकून जाईन गा," तो म्हणाला. नंतर काही बोलला नाही. मोठ्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेला.

खंदक बुजवण्याचा हुकूम पाचव्या दिवशी आला. तातडीचा शिक्का मारलेला. देवरावाच्याच गँगला काम मिळालं. खणताना निघालेली माती केव्हाच लोकांनी चुली आणि भिंती लिंपायला नेली होती, म्हणून गाड्यांनी मुरूम आला. देवराव घमेल्यामागून घमेलं रिकामं करत राहिला. दगड उचलून बाहेर टाकायचे की आतच गाडायचे, असं मुकादमाने विचारलं. देवराव म्हणाला, आतच.

काम संपल्यावर तो कचेरीत गेला, आणि इतकी वर्षं घोटून ठेवलेलं वाक्य कृष्णकांतांपुढे एकदाचं बोलला. खुंट्या मी हलवल्या.

साहेबांनी पेनचं टोपण उघडलं आणि लावलं.

"आता कुठे लिहू हे, देवराव?" ते म्हणाले. "खंदक नाही, वाट नाही, फाईल बंद. तुला शिक्षा द्यायला माझ्याकडे कागदच उरला नाही."

आणि त्यांनी ड्रॉवरमधून पक्क्या माणसांची यादी काढून दाखवली. त्याचं नाव सातवं होतं. यादी ठरल्यापेक्षा पंधरा दिवस आधीच आली होती.

घरी येऊन त्याने अंजनाबाईला सगळं सांगितलं. ती ताराच्या टाक्यांना हळद लावत होती. ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "मंग त्या दिवशी काहून नाही बोलले?" तिने पुन्हा विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे कधीही नाही. त्याने वाडीतल्या चार वडीलधाऱ्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, गप राहा बाबा, पोलीस आत्ताच कुठे गेलेत.

तेराव्यानंतर तो मागओळीत गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा. बळीराम मागापाशी बसले होते. त्यांनी देवरावाकडे पाहिलं आणि या वेळी पाठ फिरवली नाही. नुसते पाहत राहिले. गिरिधरची बायको मीराबाई उंबरठ्यावर आली. देवरावाने उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली, पण तिने हात वर करून थांबवलं.

"मले माहीत आहे, भाऊजी. आदल्या रात्री सांगून गेले मले. म्हने, देवाचं नाव घेनार नाही, त्याची नोकरी जाईन. मी म्हनलं, त्यानं स्वतःच घेतलं तं? म्हने, घेतलं तं बरंच आहे."

देवरावाला यावर बसवेना आणि निघवेना. अखेर बळीरामच बोलले. मागाकडे पाहत म्हणाले, की पोराचा ताणा अर्धा वाळून गेला, अर्धा सोडवता येईल, पण दोन्हीकडून ओढायला माणूस पाहिजे आणि माझ्या हातात जोर नाही. देवरावाने वहाणा काढल्या आणि तो आत गेला. दिवस मावळेतो चिकटलेले धागे एकेक करून सोडवत बसला. सुटले ते थोडे, तुटले ते फार.

मैदान पुन्हा पूर्वीसारखं झालं. म्हणजे दिसायला. वीस फूट, शंभर फूट, पाहिजे तेवढी वाट मोकळी होती. पण लोक चालत राहिले गोदामाच्या भिंतीलगतच, एकामागे एक, तीन फुटांतून. समोरून माणूस आला की थांबायचे, तोंड भिंतीकडे करून उभे राहायचे, तो गेला की पुढे. खंदक कुठे होता ते नव्या पोरांना दाखवताही यायचं नाही, तरी त्यावरून जायला कोणाचं पाऊल उचलत नसे. पुढे गोदाम पडलं, भिंत गेली. लोक भिंत नसलेल्या जागेच्या कडेकडेने जात राहिले.

एकटा देवराव मधून जायचा. नोकरी पक्की झाल्यावर वीस वर्षं, रोज सकाळी भोंग्याच्या आधी, मैदानाच्या बरोबर मधून. पण सरळ नाही. ज्याच्या चराने दोरी वाकडी ठरवली तो माणूस जरा डावीकडे कलून चालायचा, उजव्या हाताशी एका माणसापुरती जागा सोडून. आणि चाल हळू ठेवायचा, शेजारच्याचं बोलणं ऐकत जावं तशी.

वाडीतली नवी पोरं त्याला हसत. म्हणत, म्हाताऱ्याला एवढं मोठं मैदान, तरी नीट मधून चालता येत नाही.